दोन प्रयोगांच्या मध्ये तबलेवाला काय करतो?

प्रश्न विचारणारा मुलगा 24 वर्षांचा आहे. राहतो नालासोपाऱ्याला, अंधेरीत अकाउंट्सची नोकरी करतो, बारा वर्षं तबला शिकलाय. एका संगीत नाटकाने त्याला साथीला बोलावलंय. महिन्याला आठ-दहा प्रयोग, निम्मे मुंबई-ठाण्यात, बाकीचे दौऱ्यावर. त्याचं म्हणणं असं की प्रयोगात काय करायचं ते कळतं, पण दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात वादक करतो काय? आणि नोकरी सोडू का?

नोकरीचं शेवटी बोलू. ते उत्तर या मधल्या वेळावरच अडलंय.

मी सत्तावीस वर्षं नाटकाला तबला वाजवतोय, तेव्हा आधी खरं उत्तर देऊन टाकतो: झोपतो. मिळेल तिथे, मिळेल तेवढं. बसच्या शेवटच्या सीटवर, मेकअपरूमच्या फरशीवर सतरंजी टाकून, टेम्पो उशिरा आला तर थिएटरच्या पायऱ्यांवर सुद्धा. माझ्या पहिल्या वर्षी एका मंडळाने एकाच थिएटरात दुपारी आणि रात्री लागोपाठ दोन प्रयोग घेतले होते. दुसऱ्या अंकातला दिवाण विंगेत लावून ठेवलेला, गादी, लोड, झालर, सगळा राजेशाही थाट. मी जरा पाठ टेकली. जाग आली ती दुसऱ्या घंटेला. पडद्यापलीकडे लोकांचा गलका, आणि राजाचं काम करणारे बुवा मुकुटासकट समोर उभे. ‘महाराज, उठायचं का?’ तबले लावायला जेमतेम पाच मिनिटं होती. त्या दिवशी नांदीला तबला कसा लागला होता ते विचारू नकोस.

एकाच जागी डबल असा क्वचितच मिळतो. बहुतेक वेळा दुपारी बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे आणि रात्री मुलुंडचं कालिदास, अशी जोडी असते. दुपारचा पडदा पडला की बॅकस्टेजची मुलं सेट मोडायला घेतात, नट मेकअप पुसतात, आणि आपण तबले कव्हरात घालून रविवार संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये बसतो. या वेळात पोटाची काळजी घे. थिएटरचा बटाटावडा सगळ्यांना प्रिय, मलाही, पण दोन खाऊन रात्री पहिल्या अंकाला मांडी घालून बसलास की डग्ग्यावर वाकताना कळतं. एक वडा, चहा, आणि घरून आणलेली पोळी-भाजी. डबा नेण्यात कमीपणा नाही. आमच्याकडे नायिकासुद्धा डबा आणते.

आमचे ऑर्गनवाले काका या मधल्या वेळात काय करतात ते बघण्यासारखं आहे. मेकअपरूममध्ये भिंतीशी उताणे झोपतात आणि दोन्ही पाय सरळ वर करून भिंतीला टेकवतात. तीन तास पायाने भाता मारून पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात. डोळ्यांवर रुमाल. वीस मिनिटं कोणी बोलायचं नाही. मग उठतात, चष्मा पुसतात आणि दुपारी ज्या गाण्याला नायकाने लय पुढे पळवली ते गाणं मला नुसतं बोटांनी मांडीवर वाजवून दाखवतात. बोलत काही नाहीत. नायकाने घाई केली, असं दोन प्रयोगांच्या मध्ये कोणाला सांगायचं नसतं, ही त्यांची शिकवण. रात्री त्याला तेच डोक्यात राहतं आणि तो आणखी घाई करतो. सांगायचं असेल ते दुसऱ्या दिवशी फोनवर.

आता तबल्याचं, म्हणजे मधल्या वेळातलं खरं काम. मैफिलीत एक गवई, एक पट्टी, तबला एकदा लावला की पुढे नुसता सांभाळायचा. नाटकात नायक काळी एकमध्ये गातो, नायिका काळी चारमध्ये, आणि मधेच एखादं द्वंद्वगीत तिसऱ्याच पट्टीत असतं. म्हणून मी तीन तबले नेतो. ऑर्गनचा सूर हलत नाही, आपला हलतो, तेव्हा जुळवून घ्यायचं ते आपणच. आणि मुंबईची हवा तुला ठाऊकच आहे. दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैलावते, सूर उतरतो. एसीची कोरडी हवा लागली की ताणते, सूर चढतो. पडदा बंद असताना स्टेजवर उकडत असतं. तिसरी घंटा होऊन पडदा वर गेला की प्रेक्षागृहातली गार हवा एकदम अंगावर येते. माणसाला बरं वाटतं, तबल्याचा सूर मात्र पहिल्या पाच मिनिटांत सरकतो.

यावर मी करतो ते असं. प्रयोगाच्या दीड तास आधी तबले विंगेत नेऊन उघडे ठेवतो, हातोडी लावत नाही. तिथली हवा आधी पुडीला पचू दे. पाऊण तास राहिला की गठ्ठ्यांवर, म्हणजे बाजूच्या लाकडी ठोकळ्यांवर, मोठा फरक काढतो. पहिल्या घंटेनंतर गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, सोळाही घरं फिरून बारीक फरक. एसी जोरात असणारं थिएटर असेल तर मुद्दाम केसभर उतरा ठेवतो, पडदा उघडला की तो आपसूक सुरात येतो. कुठल्या थिएटरला किती उतरा ठेवायचा ते मी वहीत लिहून ठेवलंय. नोंदी एका ओळीच्या. शिवाजी मंदिर, दुपार, बरं. पार्ल्याचं दीनानाथ, रात्र, शाल न्यावी.

हातोडी दोन ठेव. मुलुंडच्या एका प्रयोगाला माझी घरी राहिली होती. सेटवाल्याची खिळे ठोकायची हातोडी घेतली, चार ठोके नीट गेले, पाचवा गठ्ठ्यावरून निसटून वादीवर, म्हणजे पुडी ताणून धरणाऱ्या चामडी पट्टीवर. वादी तुटली. दुसरा तबला होता म्हणून निभावलं, पण अख्खा पहिला अंक मी नायिकेच्या गाण्यांना जरा मोठ्या तोंडाचा तबला वाजवला आणि तिने मध्यंतरात नुसतं बघितलं माझ्याकडे. तेव्हापासून एक हातोडी पिशवीत, एक पेटाऱ्यात. पावडरचा डबा पण दोन्हीकडे. आणि तबले सेटच्या टेम्पोत कधी द्यायचे नाहीत. टेम्पो दुपारभर उन्हात उभा असतो आणि वरून कोणीतरी फ्लॅट, म्हणजे सेटची भिंत, टाकतोच. ऑर्गन नाइलाजाने जातो, गोधडीत गुंडाळून. तबले आपल्याबरोबर, लोकलच्या लगेजच्या डब्यात. तिथे भाजीवाले जागा करून देतात, एखादा ‘भजन आहे का आज?’ म्हणून विचारतो, आपण हो म्हणायचं. नाटक म्हटलं की पास मागतात.

लोकलचा विषय निघालाय तर मेगाब्लॉक. प्रयोग रविवारी, मेगाब्लॉकही रविवारी, हे लग्न कोणी जुळवलं देव जाणे. शनिवारीच वेळापत्रक बघून ठेवायचं. कल्याणच्या अत्रे रंगमंदिरला दुपारचा प्रयोग आणि माटुंगा-मुलुंड धीमी बंद असेल, तर तुला नालासोपाऱ्याहून सकाळी साडेदहालाच निघावं लागेल. तिथून वसई, मग दिव्याची गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर दादरला येऊन पूल ओलांडायचा, खांद्यावर तबला, हातात डग्गा, आणि समोरून सगळी गर्दी उलट येणारी.

दौऱ्याचा मधला वेळ याहून वेगळा. आमचा नेहमीचा एक दौरा सांगतो. गुरुवारी रात्री शिवाजी मंदिरसमोरून बस निघते. शुक्रवारी कोल्हापूर, शनिवारी सांगली, रविवारी रत्नागिरी, सोमवारी सकाळी परत मुंबई. पुढच्या सीटा ज्येष्ठ नटांच्या, मधल्या मुलींच्या, मागच्या आपल्या आणि बॅकस्टेजच्या. कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण पहिल्या दिवशी चुकून पुढे बसलास तर व्यवस्थापक गोड शब्दांत उठवतील. मागे धक्के बसतात, पण गप्पा तिकडेच. डग्गा पायांत ठेव, वरच्या रॅकवर नको. ब्रेक लागला की तो कोणाच्या तरी डोक्यावर उतरतो.

पहाटे बस गावात पोचते. लॉजवाला झोपेतून उठतो, खोलीत चौघे, बाथरूम एक. अंघोळीचा नंबर लावायचा आणि तो येईपर्यंत झोपायचं. मग दहापासून दुपारी चारपर्यंतचे सहा तास रिकामे. नव्या माणसाला दौऱ्यावर हेच सहा तास खातात. पत्ते, मोबाइल, चहा, पुन्हा मोबाइल. संध्याकाळी प्रयोगाला उभा राहतो तेव्हा अंग जड झालेलं असतं, काहीच न करता.

सांगलीला असलो की मी शनिवारी सकाळी मिरजेला जातो. रिक्षाने अर्धा तास लागत नाही. सतारमेकर गल्लीत एका कारागिराच्या ओट्यावर बसतो. तिथे भोपळे टांगलेले असतात, तारा ओढलेल्या असतात, आणि जवारी काढणारा, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज खुलवणारा, माणूस एकाच तारेला कान लावून तास-तास बसलेला असतो. घोडीवर कानस एकदा घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तो आवाज ऐकून माझा कान धुतल्यासारखा होतो. आदल्या रात्री माइकमधून, मॉनिटरमधून, ऑर्गनच्या शेजारी बसून बधिर झालेला कान. मग दर्ग्यात जातो, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे तिथे. खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व आणि कन्या हिराबाई बडोदेकर दोघंही रंगभूमीवर गायले, म्हणजे आपलं नातं लांबचं नाही. तू मिरजेलाच जा असं नाही. पण प्रत्येक गावात एक जागा शोधून ठेव, जिथे नाटकातलं कोणी नसेल.

कोल्हापूरला माझी जागा थिएटरच होती. शाहू महाराजांनी 1915 साली उभारलेलं केशवराव भोसले नाट्यगृह. दुपारी रिकाम्या स्टेजवर बसून डग्ग्यावर एक घिस्सा, म्हणजे तळवा घासून काढलेला घुमारा, काढला की तो शेवटच्या रांगेपर्यंत जायचा, माइक नको, काही नको. 2024च्या ऑगस्टमध्ये ते आगीत गेलं. त्या रात्री बातमी बघताना मला नाटकं आठवली नाहीत, त्या रिकाम्या दुपारीच आठवल्या.

सांगलीहून रत्नागिरीला आंबा घाटाने उतरलं की हवा बदलते. आदल्या रात्री कोरड्या हवेत टणक लागलेला तबला खाली पोचेपर्यंत अर्धा सूर उतरलेला असतो. म्हणून शनिवारच्या प्रयोगानंतर, कितीही उशीर झाला तरी, मी पुड्यांवर कापडी गाद्या ठेवून, वरून प्लास्टिक बांधून मगच बसमध्ये चढतो. बाकीचे जेवायला बसलेले असतात. हाका मारतात. दहा मिनिटं थांबतील.

आता ज्यासाठी एवढं सगळं लिहितोय ते. नाटकाचा तबला वाजवून हात बिघडत नाही, पाठ होतो. दोन्हीचा परिणाम एकच. वीसेक गाणी, तेच ठेके, त्याच जागी तीच तिहाई (तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा), कारण नायकाला तिथे तीच हवी असते. वेगळी दिलीस तर तो समेवर अडखळेल आणि चूक तुझी. केरवा, दादरा, अद्धा, एखादा झपताल. पहिले पन्नास प्रयोग हे छान वाटतं. शंभराव्या प्रयोगाला हात आपोआप चालतो आणि मन लॉजच्या बिलाचा विचार करत असतं. वन्समोर आला तरच जाग येते. मी अशी चार वर्षं काढली. मग एका घरगुती बैठकीत एका गायिकेने विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकताल मागितला आणि मला बारा मात्रांत श्वास पुरेना. ठेका चुकला नाही, पण भरताच येईना. नाट्यगीताच्या लयीत हात असा बसला होता की दोन मात्रांमधली मोकळी जागा बघून घाबरायला झालं. गायिका काही बोलली नाही. घरी येऊन मी बायकोलाही सांगितलं नाही.

तेव्हापासून मधल्या वेळातला एक तास नाटकात नाही ते वाजवायचा नियम. शिकवताना पहिल्या वर्षी देतात तो दिल्लीचा कायदा (सरावाची ठरीव बोलरचना), धा ति ट धा, ति ट धा धा, ति ट धा गे, तिं ना कि ना. बरोबरीच्या लयीत सुरू करून हळूहळू उतरवत न्यायचा, इतका हळू की कंटाळा येईल, मग त्या कंटाळ्यात पाच मिनिटं टिकायचं. आठवड्यातून दोनदा नुसता विलंबित ठेका, मोबाइलवर लेहरा, म्हणजे तालाची फिरती धून, लावून. लॉजमध्ये आवाजाची अडचण होते, शेजारच्या खोलीत रात्रपाळीचे नट झोपलेले असतात. मी तबल्यावर जाड टॉवेल टाकून वाजवतो, बोटांना तेवढं पुरतं. टॉवेलही नको असं सांगितलं तर बोल तोंडाने म्हणायचे, हाताने ताल धरून. पढंत फुकट असते आणि कोणी उठत नाही.

जुन्या कंपन्यांमध्ये ही अडचण नव्हती म्हणतात. गंधर्व नाटक मंडळीसारखी कंपनी एकेका गावी मुक्काम ठोकायची, बिऱ्हाड आणि स्वयंपाकघर बरोबर घेऊन. त्या मंडळीत अहमदजान थिरकवाँ तबल्याला होते. दोन प्रयोगांच्या मध्ये ज्याच्या खोलीबाहेर थिरकवाँसाहेबांचा रियाझ कानावर पडत असेल त्याला माझ्यासारखा नियम कशाला लागेल. आपल्याला बस मिळाली आहे आणि बसमध्ये जुने विनोद. तर नियम आपणच करायचा.

प्रयोग नसलेल्या दिवसांचं थोडक्यात. पावसाळ्यात प्रयोग कमी, फेब्रुवारी-मार्चला परीक्षा म्हणून कमी, गणपतीत नाटकापेक्षा भजन-अभंगाची कामं जास्त. दिवाळीनंतर आणि मे महिन्यात श्वास घ्यायला सवड नाही. मधे मी कथकच्या क्लासला वाजवतो, आठवड्यातून तीन संध्याकाळी. पैसे फार नाहीत, पण नाचाबरोबर वाजवताना लय लोखंडासारखी पक्की होते. शिकवण्या आहेत. मार्च 2020मध्ये थिएटरं बंद झाली तेव्हा या शिकवण्यांनीच घर चाललं. मधे काही महिने निम्म्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली, आणि परत पडदा वर गेला तो 22 ऑक्टोबर 2021ला. मोबाइलवरून तबला शिकवताना दोघांनी एकत्र वाजवता येत नाही, आवाज उशिरा पोचतो. मी वाजवायचो, थांबायचो, मग मुलगा वाजवायचा. त्या दीड वर्षात माझं ऐकणं सुधारलं एवढं मात्र झालं.

तर नोकरी. सोडू नकोस, निदान पहिलं वर्ष. मुंबईतले प्रयोग शनिवार-रविवारचे, ते नोकरीत बसतात. बसत नाहीत ते दौरे, आणि तिथे फसगत अशी होते की लोक प्रयोग मोजतात, दिवस मोजत नाहीत. वर सांगितलेल्या दौऱ्यात नाइट (एका प्रयोगाचं मानधन) तीन, पण गुरुवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत तू घरी नाहीस. तीन नाइटचे पैसे चार दिवसांवर पसर, मग बघ काय पडतं. माझी पहिली नाइट 200 रुपये होती आणि मला ती फार वाटली होती, कारण मी अशी भागिली नव्हती. आणि सोमवारी सकाळी माणगावला बस अडकली की साहेबांना करायचा फोन तुझा तुलाच करायचाय. तेव्हा वर्षाच्या रजा आधी मोज, तेवढ्याच दौऱ्यांना हो म्हण, बाकीच्यांना बदली तबलेवाला तूच सुचव. संगीत नाटकवाले याला सरावलेले आहेत. बदली माणूस गाणी बसवून तयार असेल तर कोणी रागावत नाही.

हो म्हणण्याआधी व्यवस्थापकांना चार गोष्टी विचार, आणि उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर घे, तोंडी नको. प्रयोग ऐनवेळी रद्द झाला तर नाइट मिळणार का. दौऱ्यावर जेवणाचा भत्ता रोख की कंपनीचं जेवण. रात्री उशिरा प्रयोग सुटला तर घरी पोचवायची सोय आहे का, नालासोपारा म्हटल्यावर याला महत्त्व आहे. आणि नाइट प्रयोगाच्या दिवशी की महिन्याने. एका निर्मात्याकडे माझ्या अकरा नाइट थकल्या होत्या. प्रत्येक वेळी ‘पुढच्या बुकिंगला’ म्हणायचे. शेवटी नाटकच बंद पडलं आणि पुढचं बुकिंग काही आलं नाही. माझ्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं, भांडणार कशावर?

एक राहिलं. रविवार तुझा राहणार नाही. भावाचं लग्न, मित्राचं बारसं, घरचा सत्यनारायण, सगळं रविवारीच असतं. आईला आत्ताच सांगून ठेव, प्रयोगाच्या तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिही. आमच्या घरी अजून तसंच आहे. मुलीचा वाढदिवस यंदा लाल गोलात आला, तर तिने केक विंगेत आणला आणि दुसऱ्या अंकाआधी ऑर्गनच्या झाकणावर कापला. काकांनी आधी झाकणावर वर्तमानपत्र अंथरलं, मग टाळ्या वाजवल्या.